नवखे सुरक्षा अधिकारी आणि आमची शनिवारची बैठक

(मंडळाच्या गणेशोत्सवात लाटंबार्से येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘औद्योगिक सुरक्षितता’ असा विषय छापला आहे. तो वाचून काही मंडळी आरती होताच घरी गेली असतील तर माझी तक्रार नाही. काल याच जागी फुगडीचा कार्यक्रम झाला, उद्या नाटक आहे. मध्ये हा हेल्मेटवाला कशाला, असे कुणालाही वाटेल. तरी जे बसले आहेत त्यांना मी पाऊण तासात सोडतो.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे तीस-चाळीस वर्षांपूर्वी इकडे आली. कुणी सावंतवाडी-मालवणहून, कुणी सांगली-कोल्हापूरहून. आम्ही मूळचे आजऱ्याचे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, आणि पुष्कळजण डिचोलीच्या खाणपट्ट्यात. मुलांच्या तोंडी कोकणी बसली, देवासमोर माटोळी आली, आणि गावी गेल्यावर लोक आपल्याला ‘गोयकार’ म्हणू लागले. मी १९८६ साली खाणीवर लागलो, खाण थांबल्यावर कारखान्यात गेलो, आणि दोन्हीकडे काम एकच केले. माणूस सकाळी जसा आला तसा संध्याकाळी घरी गेला पाहिजे, हे बघण्याचे. या कामाचा एक चमत्कारिक भाग असा की ते नीट झाले तर दाखवायला काहीच उरत नाही. बागायतदार नारळ दाखवतो, मास्तर निकाल दाखवतो. आम्ही काय दाखवणार, न झालेला अपघात?

निवृत्तीनंतर आम्ही सातजणांनी एक समिती केली. तिला नाव नाही, नोंदणी नाही, शिक्का नाही. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नव्याने लागलेल्या, पहिल्या चार-पाच वर्षांतल्या मुलामुलींसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बसायचे, इतकेच तिचे स्वरूप. आमच्यात एक निवृत्त इलेक्ट्रिकल फोरमन आहेत, एक बॉयलर अटेंडंट, एक निवृत्त परिचारिका, रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, आणि अजून नोकरीत असलेले दोन अनुभवी सुरक्षा अधिकारी. मुले कधी पाच येतात, कधी पंधरा. पाऊस जोराचा असला तर फक्त आम्हीच येतो आणि चहा पिऊन जातो.

ही मुले कोण? लाटंबार्सेची वसाहत तुम्ही रोज बघता. वडावल, नानोड्याची मुले आहेत, साळची आहेत, आणि सकाळच्या पाळीला दोडामार्ग, भेडशीकडून दुचाकीवर येणारी आहेत. कुणी डिप्लोमा इंजिनियर, कुणी बीएस्सी. त्यावर वर्षभराची औद्योगिक सुरक्षिततेची पदविका केलेली. ज्यांना जमले ते मुंबईला शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतून प्रगत पदविका घेऊन आले. वय तेवीस-चोवीस. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. ‘ए सेफ्टी!’ म्हणतात. ‘सेफ्टी आला, टोपी घाल रे.’ सेफ्टी गेला की टोपी पुन्हा खुंटीला.

पुस्तकात या मुलाचे काम छान लिहिलेले असते. धोका ओळखा, त्याचे मूल्यमापन करा, नियंत्रण सुचवा. पण ज्या फोरमनला सुचवायचे तो पंचवीस वर्षे त्या यंत्रावर उभा आहे, आणि सुचवणाऱ्याला अजून मिशी नीट फुटलेली नाही. शिवाय पुष्कळदा मुलगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. म्हणजे ज्याने नियम मोडला म्हणून काम थांबवायचे, त्याच्याच सहीने महिन्याचा पगार निघतो. ही गाठ कुठल्या पदविकेत शिकवत नाहीत.

कायद्याबद्दल थोडे सांगतो, कंटाळू नका. कारखाने अधिनियम १९४८ चा. त्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याचे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले, आणि तेही हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला, किंवा प्रक्रिया धोक्याची म्हणून सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तर. आपल्या आसपास हजार कामगारांचे कारखाने किती, ते बोटांवर मोजा. मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र झाली. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांसाठी अख्खे नवे प्रकरण आले. कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखेच प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती त्यात आली, आणि जिवाला धोका दिसतो आहे असे कामगाराने सांगितले तर त्याची दखल घेतलीच पाहिजे, हेही आले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली आहे. तिच्यात हजारचा आकडा पाचशेवर आला, धोक्याच्या प्रक्रियेला अडीचशेवर, आणि खाणीला शंभरावर. म्हणजे नेमणुका वाढणार, नवखी मुले आणखी येणार, आणि त्यांना विचारायला जवळ कुणी नसणार. आमच्या शनिवारच्या बैठकीचा उगम कागदोपत्री सांगायचा तर हा असा.

खरा उगम मात्र खाणीवरचा आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना खाण सुरक्षा सप्ताह आठवत असेल. या खाणीची माणसे त्या खाणीवर तपासणीला जायची. दुसऱ्याच्या हॉलरोडचा उतार, कडेचा मातीचा बांध, बेंचची उंची, डंपरचे ब्रेक, पावसाळ्यातले पाणी उपसणारे पंप, सगळे बघायचे आणि गुण द्यायचे. प्रथमोपचाराच्या स्पर्धा व्हायच्या. खोटा जखमी खरा कण्हायचा. चेष्टा-मस्करी भरपूर, पण दुसऱ्याच्या घरातली फट दिसली की आपल्या घरातली आठवते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक उभे राहिले, गॅरेजे बंद पडली, हे सगळे वर्तमानपत्रात आले. खाणीवरची ही जी एकमेकांकडे जाण्याची सवय होती ती मोडली, हे कुठे छापून आले नाही. कारखान्यांत तर पहिल्यापासून कुंपण. शेजारच्या शेडमध्ये काय तयार होते तेही ठाऊक नसते. म्हणून आमच्या बैठकीचे पहिले दोन नियम: कारखान्याचे नाव घ्यायचे नाही, आणि फोटो, नकाशा, कागद आणायचा नाही. तोंडी सांगायचे.

आणि मुले सांगतात. नियर मिसची गोष्ट घ्या, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. हातोडा वरून पडला, कुणाला लागला नाही. याची नोंद करायची, कारण पुढचा हातोडा लागेल. कल्पना उत्तम. पण एकाने सांगितले, की त्याच्याकडे महिन्याला दहा नोंदींचे उद्दिष्ट आहे. मग तीस तारखेला सगळे बसून नोंदी ‘तयार’ करतात. ‘फरशी ओली होती’ ही तर सात वेळा. इतकी ओली फरशी म्हणजे कारखाना आहे की पाणवठा! आमच्या परिचारिकाबाईंनी त्याला साधा उपाय सांगितला. फॉर्म बाजूला ठेव, पाळी सुटताना फाटकाशी उभा राहा आणि रोज एकालाच विचार, आज कुठे छातीत धस्स झाले का? दोन महिन्यांत त्याच्याकडे चार नोंदी आल्या. चारच, पण चारही खऱ्या.

आता ज्या प्रसंगासाठी मी आज बोलायचे कबूल केले, तो सांगतो. मुलीचे नाव सांगणार नाही, कारखान्याचेही नाही. दोडामार्गच्या बाजूची आहे एवढेच. नोकरीला लागून तिला चौदा महिने झाले होते. पावसाळ्याचे दिवस, सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतला गाळ काढायचा होता. ठेकेदाराने दोन कामगार आणले, दोघेही ओडिशाचे. परवाना तिच्या सहीसाठी टेबलावर आला. बंद टाकीत उतरण्याचा परवाना म्हणजे काय, हे थोडे समजून घ्या. आत उतरण्याआधी टाकीला येणारे पाइप बंद करून कुलूप लावायचे, ब्लोअरने हवा खेळती करायची, मग गॅस मोजायच्या यंत्राने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासायची. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर उतरायचे नाही. गाळ हलला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक निश्चिंत असतात, वास आला की बाहेर येऊ म्हणतात. पण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास तो गेला की नाकच बधिर होते. वास थांबतो आणि माणसाला वाटते, गॅस गेला. शिवाय तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. वर तोंडाशी मोजून काही कळत नाही.

आपल्या गावाकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची पद्धत होती. विझला तर उतरायचे नाही. जुन्या माणसांची ही युक्ती चुकीची नव्हती, अपुरी होती. प्राणवायू कमी असला तर कंदील विझतो. विषारी वायूने विझेलच असे नाही, आणि जळणारा वायू असला तर कंदीलच स्फोट घडवतो. दर उन्हाळ्या-पावसाळ्यात पेपरात बातमी येते: विहिरीत एक उतरला, त्याला काढायला भाऊ उतरला, त्याला काढायला शेजारी. अशा जागी पहिल्यामागोमाग मरतो तो वाचवायला गेलेला. धाडसाने मरतो, म्हणून आपण त्याला शूर म्हणतो आणि पुढच्या वर्षी तेच होते. यासाठीच टाकीच्या तोंडाशी तिपाई, कमरेचा पट्टा आणि दोर लागतो. वरच्या माणसाने आत न उतरता खालच्याला ओढून काढायचे. आणि वर उभ्या असलेल्याने जागा सोडायची नाही, लघवीलासुद्धा.

तर परवाना टेबलावर आला. तिने गॅस मोजायचे यंत्र पाहिले, त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत संपलेली. तिने सही केली नाही. पाळीप्रमुख म्हणाले, गेल्या वर्षी हीच माणसे उतरली होती, काय झाले? ठेकेदार म्हणाला, दोघांची हजेरी तू भरणार का? ती काहीच बोलली नाही. बाहेर जाऊन तिने एक फोन केला. वसाहतीतच दुसऱ्या कारखान्यात आमच्या बैठकीला येणारा एक मुलगा होता, त्याला. त्याने आपल्या साहेबांना विचारून, रजिस्टरवर नोंद करून त्यांचे यंत्र आणून दिले. वीस मिनिटांत. टाकीच्या तोंडाशी आकडा ठीक होता. मध्यावर प्राणवायू १९ च्या खाली. तळाशी यंत्र नेले तशी घंटी वाजू लागली. ती घंटी त्या दोन ओडिया कामगारांनीही ऐकली. त्यांच्यापैकी थोराने पायातले गमबूट तिथेच काढून ठेवले, एवढेच ती मला म्हणाली.

काम दुसऱ्या दिवशी झाले. रात्रभर ब्लोअर चालवून, यंत्र लावून, तिपाईसकट. कुणाला काही झाले नाही. आणि काहीच झाले नाही म्हणून एका दिवसाचा खोळंबा कुणाच्या तरी नावावर लिहायचा होता. महिनाभराने तिची ‘कामाच्या गरजेनुसार’ स्टोअरला बदली झाली.

त्या शनिवारी आमच्या समितीत जे भांडण झाले तसे त्याआधी कधी झाले नव्हते. फोरमनसाहेबांचे म्हणणे, आल्तिनोला कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात लेखी कळवावे; नाही तर ही समिती म्हणजे नुसता चहा. प्राध्यापक म्हणाले, आपण नाव घ्यायचे नाही असे मुलांना वचन दिले आहे. एकदा ते मोडले की पुढच्या शनिवारी खोली रिकामी. दोघांचेही बरोबर होते, आणि दोघेही आवाज चढवून बोलत होते. शेवटी परिचारिकाबाई म्हणाल्या, अहो, जिची नोकरी आहे ती इथे बसली आहे, तिला कोणी विचारले का? तिला विचारले. ती म्हणाली, कळवू नका. घरी वडील आजारी आहेत, हप्ते आहेत, आणि मला इथेच राहायचे आहे. मग आम्ही कळवले नाही. माझे स्वतःचे मत फोरमनसाहेबांकडे झुकणारे होते आणि आजही आहे. पण तिच्या जिवावर मत मांडण्याचा अधिकार मला नाही, हेही तितकेच खरे. त्या दिवसापासून आम्ही एक मात्र सुरू केले. ज्या दिवशी सही नाकारली त्या दिवशी घरी जाऊन वहीत तारीख, वेळ, आकडे आणि कोण काय बोलले ते लिहून ठेवायचे. कुणाला दाखवायचे की नाही, ते नंतर.

ती अजून स्टोअरमध्येच आहे. हेल्मेट, पट्टे, हातमोजे यांची खरेदी आता तिच्या हातून होते. आयएस २९२५ ची खूण नसलेले हेल्मेट ती फाटकातून आत येऊ देत नाही. बैठकीला येते, नव्या मुलांना यंत्र तळापर्यंत कसे सोडायचे ते तीच दाखवते.

समिती, सही, निवेदन यांतून काय होते असे विचारणाऱ्यांना मी नारायण मेघाजी लोखंड्यांचे नाव सांगतो. १८८४ साली मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. त्यांच्या मागे ना पद ना पगार. ‘दीनबंधू’ पत्र आणि लोकांचा विश्वास. कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला. सहा वर्षे लागली. तिकडे अमेरिकेत २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचा दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसे गेली, बहुतेक तरुण मुली. त्याच वर्षी तिथल्या तपासनिसांनी आपली संघटना काढली. ती आजही आहे, आणि तिच्यात नवख्या सुरक्षा व्यावसायिकांसाठी वेगळा गट आहे. अनुभवी मंडळी त्यात विनावेतन वेळ देतात. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सगळीकडे शपथ आणि पोस्टर. शपथेला माझी ना नाही. पण ५ मार्चला त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या शेजारी कोण बसते, ते मला बघायचे असते.

एक गंमत सांगतो आणि मुद्द्यावर येतो. यंदा चवथीच्या आधी आमच्या तीन मुलांनी हा मांडव तपासला. आपले खजिनदार म्हणाले, ‘देवाच्या कामात कसली सेफ्टी?’ पोरांनी शांतपणे विचारले, ‘काका, मेन स्विच कुठे आहे?’ कुणालाच ठाऊक नव्हते. सापडला तर पेटीला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते म्हापशाला गेलेले. आता किल्ली तिथे खिळ्याला आहे, सगळ्यांना दिसेल अशी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. ओल्या जमिनीवर कुणाला झटका बसला तर तो क्षणात वीज तोडतो. जनरेटर बंद खोलीतून बाहेर काढला, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. माटोळीची शिडी मात्र त्यांना बदलता आली नाही. ती अध्यक्षांच्या आजोबांची आहे. एक पायरी सुतळीने बांधलेली आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

मुद्दा हा, की आमच्या सातांतले दोघे आता मुलांकडे राहायला जात आहेत, एक पुण्याला आणि एक बंगळूरला. जागा रिकाम्या आहेत. तुमच्यात निवृत्त फोरमन आहेत, वायरमन आहेत, क्रेन चालवलेले आहेत, वेल्डिंग केलेले आहेत, अकाउंट्समध्ये बसून ठेकेदारांची बिले तपासलेले आहेत. हे शेवटचे आम्हाला फार हवेत, कारण ठेक्याच्या करारात सुरक्षेच्या साधनांचे पैसे कुठे लपवतात हे त्यांनाच कळते. भगिनींपैकी ज्यांना चांगले हिंदी येते, त्यांची गरज आहे. परवाना इंग्रजीत छापलेला, उतरणारा ओडिया, आणि समजावणारा मालवणीत बोलणारा, अशी आपल्या वसाहतीची स्थिती आहे. चित्रांसकट सोप्या हिंदीत एक पान करायचे आहे. ओडिया वाचणारा एक कामगार त्याला मदत करायला तयार झाला आहे. टाकीशी गमबूट काढून ठेवणारा तोच.

सुरक्षिततेचे शिक्षण नसले तरी चालेल. पहिली तीन-चार वेळा नुसते ऐकायचे, आणि ऐकलेले घरी, देवळात, लग्नात सांगायचे नाही. हे जमेल अशांनीच यावे. अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी पाच वाजता बसणार आहोत. जागा अध्यक्षांना ठाऊक आहे. तिथे साडेपाचच्या सुमारास वीज जाते, बॅटरी आणावी.